नाव न पुकारलेला लाइनमन: लाएल कॉलिन्सने डॅलस का निवडलं

२ मे २०१५, शनिवार. शिकागोत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टचा (संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) तिसरा आणि शेवटचा दिवस संपला. सात फेऱ्यांत बत्तीस संघांनी मिळून २५६ खेळाडू निवडले. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे एलएसयूचा, डावा टॅकल लाएल कॉलिन्स त्यांत नव्हता. आठवडाभर आधीपर्यंत तो पहिल्या फेरीत जाणार यावर जवळपास सगळ्या जाणकारांचं एकमत होतं. पाच दिवसांनी, ७ मेला, त्याने डॅलस काउबॉइजशी करार केला. त्या पाच दिवसांत त्याच्यासमोर काय होतं, त्याने काय तोललं आणि पुढे त्या निवडीचं काय झालं, ते इथे नीट मांडायचं आहे.

मी तेव्हा डॅलसजवळ अर्व्हिंगला राहत होतो. काउबॉइजचं मुख्यालय त्या वेळी अर्व्हिंगच्या व्हॅली रँच भागात होतं (पुढच्याच वर्षी ते फ्रिस्कोला गेलं), आणि त्याच भागात मराठी, तेलुगू, तमिळ घरं भरपूर. वाणसामान आणायला निघालं की वाटेत सरावाच्या मैदानाचं कुंपण लागायचं. त्यामुळे ही बातमी आमच्याकडे शेजारच्या घरातल्या बातमीसारखी आली. मी लाइनमनांचा खेळ तिथेच बघायला शिकलो, आणि हे प्रकरण तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

जे अमेरिकन फुटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. चेंडू घेऊन पळणारे, फेकणारे, झेलणारे खेळाडू सगळ्यांना दिसतात. त्यांच्यापुढे पाच जण भिंत धरून उभे असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, आणि दोन टोकांना टॅकल. हे आक्रमक फळीचे लाइनमन. सव्वाशे-दीडशे किलोंची ही माणसं चेंडूला क्वचितच हात लावतात. समोरून येणाऱ्याला थोपवायचं, नाहीतर ढकलत नेऊन पळणाऱ्यासाठी वाट काढायची, एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे कबड्डीत कोपरा आणि त्याच्या शेजारचा हातात हात घालून साखळी धरतात ना, तसंच. एकाने क्षणभर आधी झेप घेतली की साखळी तुटते आणि चढाईवाला गुण घेऊन जातो. लाइनमनचं मोल म्हणूनच त्याच्या एकट्याच्या ताकदीवर ठरत नाही, शेजारी कोण उभा आहे यावरही ठरतं. कॉलिन्सचा निर्णय समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात ठेवावं लागेल.

नाव का आलं नाही

ड्राफ्टच्या काही दिवस आधी लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये एका तरुणीची गोळ्या घालून हत्या झाली. कॉलिन्स त्याच शहरात वाढलेला, आणि तिचे त्याच्याशी पूर्वी संबंध होते. पोलिसांना त्याच्याशी बोलायचं होतं. तो संशयित नाही, असं पोलिसांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण ड्राफ्ट तोंडावर आलेला, आणि जबाब व्हायचा बाकी. शिकागोत पोचलेला कॉलिन्स ड्राफ्ट सुरू होण्याआधीच परत फिरला. एका बाईचा जीव गेला होता. त्यापुढे कोण कितव्या फेरीत जातो हे क्षुल्लक आहे, आणि हे लिहिताना मला त्याचं भान आहे. पण संघांच्या बंद खोल्यांत त्या तीन दिवसांत चर्चा एकाच गोष्टीची होती: जबाब झालेला नसताना या मुलावर निवड खर्च करायची का?

त्याच्या बाजूने एनएफएलला विनंती गेली की या ड्राफ्टमधून त्याला माघार घेऊ द्या, उन्हाळ्यातल्या पुरवणी ड्राफ्टमध्ये येऊ द्या. लीगने ती फेटाळली. पहिली फेरी गेली. दुसरी गेली, तिसरीही गेली. आता त्याच्या एजंटांनी संघांना कळवलं की यापुढे कुणी त्याला निवडलं तर तो सही करणार नाही; वर्षभर घरी बसेल आणि २०१६च्या ड्राफ्टमध्ये नव्याने उतरेल. नियमात तशी सोय होती. निवड झालेला खेळाडू सही न करता बसला तर त्याला पुढच्या वर्षी परत येता येतं. ज्याचं नाव पुकारलंच गेलं नाही त्याला मात्र येता येत नाही.

तेव्हा बऱ्याच जणांना ही धमकी उद्धटपणाची वाटली. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच, आणि तो का ते पुढच्या आकड्यांत आहे.

आकडे

ड्राफ्टमध्ये निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा. पैसा जवळजवळ त्याच्या क्रमांकावरूनच ठरतो. २०१५ला पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात गेलेल्यांना चार वर्षांचे साधारण ७५ लाख ते १ कोटी डॉलर मिळाले. सातव्या फेरीतला खेळाडू चारही वर्षं संघात टिकला तर किमान पगाराच्या हिशेबाने त्याला सुमारे २३ लाख. शिवाय निवड झालेल्या खेळाडूला तीन हंगाम संपेपर्यंत करार बदलून मागता येत नाही.

ज्याचं नाव आलं नाही त्याचा करार तीन वर्षांचा, आणि पगार लीगने ठरवलेला किमान. २०१५ला पहिल्या वर्षाचे ४ लाख ३५ हजार, पुढच्या वर्षी ५ लाख २५ हजार, तिसऱ्या वर्षी ६ लाख १५ हजार. बेरीज १५ लाख ७५ हजार. वरचा सायनिंग बोनस, म्हणजे सही केल्याबद्दलची रक्कम, नावापुरता, कारण लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या करारानुसार एका क्लबने आपल्या सगळ्या अनड्राफ्टेड मुलांना मिळून किती बोनस द्यायचा यावरच मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ७५ हजार डॉलर होती, नंतर वर्षागणिक थोडीथोडी वाढत गेली. पंधरा-वीस पोरांमध्ये ती वाटायची. म्हणजे एखादा संघ कॉलिन्सच्या कितीही प्रेमात पडला तरी पगाराची बोली लावून त्याला ओढू शकत नव्हता.

पण याच नियमाची दुसरी बाजू अशी की अनड्राफ्टेड खेळाडूला दोनच हंगामांनंतर नवा करार करता येतो. आणि तीन वर्षं संपली की, काही बंधनांसह का होईना, तो बाजारात येतो, निवडलेल्या मुलांपेक्षा एक वर्ष आधी. पहिल्या फेरीच्या गुणवत्तेचा मुलगा सातव्या फेरीत अडकला असता तर चार वर्षं किमान पगारावर, तेही दुसऱ्याने निवडलेल्या संघात. नाव न आल्यावर पगार तोच, बेडी एक वर्ष कमी, आणि संघ आपल्या मर्जीचा. आयपीएलच्या लिलावात न विकला गेलेला खेळाडू फोनची वाट बघत बसतो. इथे नाव न पुकारलेल्या मुलाच्या दारात बत्तीस संघ येऊ शकत होते, आणि पहिल्या फेरीतल्या मुलाला जे कधीच मिळत नाही ते त्याच्या हातात होतं: आपला संघ आपण निवडणं.

पोलिसांकडे जबाब झाला ४ मेला. बघता बघता चित्र पालटलं.

कोण रांगेत होतं, आणि कुठे जागा होती

बफलो बिल्सचे नवे प्रशिक्षक रेक्स रायन स्वतः लुइझियानात येऊन त्याच्यासोबत जेवले. मुख्य प्रशिक्षकाने एका अनड्राफ्टेड लाइनमनसाठी विमान पकडणं रोज घडत नाही. बफलोत जागाही होती. डाव्या गार्डला रिची इन्कॉग्निटो, पण तो एक हंगाम पूर्ण बाहेर बसून आलेला. दुसऱ्या बाजूला नुकताच तिसऱ्या फेरीत घेतलेला जॉन मिलर. डावा टॅकल कॉर्डी ग्लेनचं करारातलं शेवटचं वर्ष. म्हणजे पहिल्याच दिवशी मैदानात उतरण्याची शक्यता दाट, आणि वर्षभरात कदाचित डावा टॅकल, जिथे लाइनमनला सर्वांत जास्त पैसा मिळतो.

गार्डची जागा सगळ्यात उघडी कुठे होती असं मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी मायामीचं नाव घेतलं असतं. तिथे दोन्ही टॅकल बसलेले, सेंटर चांगला, आणि मधल्या दोन जागा कुणी धरून ठेवाव्यात हाच प्रश्न होता.

आणि डॅलस? डॅलसला लाइनमनची सर्वांत कमी गरज होती. २०१४ला काउबॉइज १२–४ (बारा विजय, चार पराभव) खेळले, डीमार्को मरेने १,८४५ यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक काढला, आणि त्याचं श्रेय सगळ्यांनी त्याच्यापुढच्या भिंतीला दिलं. डावा टॅकल टायरन स्मिथ, २०११चा पहिल्या फेरीतला. २०१४च्या उन्हाळ्यात त्याच्याशी आठ वर्षांचा करार झालेला. सेंटर ट्रॅव्हिस फ्रेडरिक, २०१३ची पहिली फेरी. उजवा गार्ड झॅक मार्टिन, २०१४ची पहिली फेरी, पदार्पणाच्या वर्षीच ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या यादीत. उजवा टॅकल डग फ्री, दोनच महिन्यांपूर्वी नवा करार मिळालेला. डावा गार्ड रॉनल्ड लिअरी. शिवाय ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत डॅलसने चॅझ ग्रीन नावाचा टॅकल घेतलाच होता.

डेप्थ चार्ट (कुठल्या जागेला कोण पहिला, कोण राखीव याची यादी) समोर ठेवून बसलेला कुठलाही एजंट सांगेल, इथे जाऊ नकोस. रांग मोठी आहे.

६ मेची संध्याकाळ

काउबॉइजनी त्याला डॅलसला बोलावलं. संघाचे मालक जेरी जोन्स यांच्या घरी जेवण ठेवलं. प्रशिक्षक होते, संघातले मोजके मोठे खेळाडू होते, ज्यांच्या शेजारी उद्या खांद्याला खांदा लावायचा ते लाइनमनही होते. पुढे याचं वर्णन बहुतेक ठिकाणी श्रीमंत मालकाने टाकलेला प्रभाव असं झालं. मला त्यात दुसरं काही दिसतं. पंधरा दिवस ज्या मुलाकडे प्रत्येकजण संशयाने बघत होता, त्याला एका घरात बोलावून जेवायला बसवलं गेलं, आणि समोर बसलेले त्याच्याच कामाचे लोक होते. बावीसच्या आसपास वय. आपल्याकडे मुलगी बघायला गेल्यावर घरातली माणसं कशी आहेत हे चहाच्या वेळी कळतं म्हणतात. लाइनमनलाही तेच बघायचं असतं: ही माणसं नवख्याला शिकवतील की कोपऱ्यात उभा करतील?

दुसऱ्या दिवशी सही झाली. तीन वर्षं, सुमारे १६ लाख डॉलर, आणि सगळेच्या सगळे गॅरंटीड.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा हा शेवटचा शब्द आहे. साध्या अनड्राफ्टेड लाइनमनच्या करारात गॅरंटी जवळजवळ नसते. ऑगस्टच्या छावणीत ९० जण, हंगामाला ५३. त्या वर्षी प्रॅक्टिस स्क्वाडला, म्हणजे फक्त सरावासाठी ठेवलेल्या गटाला, १०. उरलेले घरी. प्रॅक्टिस स्क्वाडचा किमान पगार तेव्हा आठवड्याला ६,६०० डॉलर, म्हणजे पूर्ण हंगाम काढला तर एक लाख बारा हजारांच्या आसपास; ५३ मध्ये बसलेल्याला ४ लाख ३५ हजार. त्या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे पोराचं अख्खं वर्ष. म्हणून साध्या मुलाने गर्दीपासून लांब राहायचं, जिथे जागा रिकामी तिथे जायचं, हा सल्ला बरोबरच आहे. पण ज्याचे तीन वर्षांचे पैसे पक्के आहेत त्याला क्लब सहजासहजी काढत नाही. काढलं तरी पैसे द्यावे लागतात. गर्दीत हरण्याची भीतीच करारातून गेली की गर्दीचं रूप बदलतं. मग ती स्मिथ, फ्रेडरिक, मार्टिन यांच्यासारख्या तीन माणसांसोबत रोज सराव करायची संधी होते.

आणि ही रांग जितकी भरलेली दिसत होती तितकी नव्हती. लिअरीचा तीन वर्षांचा मूळ करार संपलेला, त्याचं पुढचं प्रत्येक वर्ष एकेक करून. फ्री एकतीस वर्षांचा. एलएसयूत कॉलिन्स आधी गार्ड खेळलेला, मग दोन वर्षं डावा टॅकल. डाव्या टोकाला स्मिथ असेपर्यंत ती जागा मिळणार नव्हतीच. पण आज डावा गार्ड आणि दोन वर्षांनी उजवा टॅकल, ही वाट नीट बघितली तर दिसत होती. डेप्थ चार्टवर आजची नावं असतात. ती नावं कधी मोकळी होणार हे करारांच्या तारखांत असतं, आणि लाइनमनच्या एजंटाने मेहनत तिथे घ्यायची असते.

दोन छोट्या गोष्टी. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, बफलोच्या न्यूयॉर्क राज्यात आहे. बाहेरच्या सामन्यांवर त्या त्या राज्याचा कर लागतो, पण आठ घरच्या सामन्यांचा पैसा वाचतो. आणि बॅटन रूज ते डॅलस मोटारने सात तास. आई, घर, गाव जवळ. अशा महिन्यात त्या सात तासांना किती किंमत असेल याचा हिशेब मी करू शकत नाही, पण ती होती.

मैदानावर

सुरुवातीला तो बाकावरच बसला. लिअरी डावा गार्ड. मग लिअरीच्या जांघेचा स्नायू दुखावला आणि २७ सप्टेंबरला, हंगामाच्या तिसऱ्या सामन्यात, अटलांटा फाल्कन्सविरुद्ध ७१ नंबरची जर्सी पहिल्यांदा सुरुवातीच्या पाचांत उभी राहिली. डावीकडे ७७ नंबर स्मिथ, उजवीकडे ७२ नंबर फ्रेडरिक.

त्या दिवशी मी चेंडूकडे बघितलंच नाही. ज्यांनी हा खेळ नवा बघायला घेतलाय त्यांनी एकदा तसं करून बघावं. डॅलस तेव्हा झोन पद्धतीने धावायचं. पाचही जण एकाच दिशेने पहिलं पाऊल टाकतात, बाजूला, अगदी एका मापाचं. गार्ड आणि सेंटर मिळून समोरच्या एकाच जाड्या बचावपटूला भिडतात, कमरेला कमर लावून, मध्ये फट नाही. दोन पावलं ढकलतात. मग एकाने त्याला तसाच धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने सुटून मागच्या लाइनबॅकरवर, म्हणजे त्यांच्या फळीमागे उभ्या बचावपटूवर, जायचं. कोण सुटणार हे आधी ठरलेलं नसतं. लाइनबॅकर कुठल्या बाजूला सरकतो त्यावर ते ठरतं, अर्ध्या सेकंदात, न बोलता. लवकर सुटलात तर जाड्या आत घुसतो, उशिरा सुटलात तर लाइनबॅकर पळणाऱ्याच्या अंगावर. त्या दिवशी चेंडू घेऊन पळणाऱ्या जोसेफ रँडलने पहिल्या अर्ध्यात तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. पहिल्याच चढाईत तो ३७ यार्ड पळत गेला, आणि डावीकडची ती तिघांची साखळी सरकताना बघून मला वाटलं होतं की हा मुलगा शेजाऱ्यांकडून काहीतरी उचलतोय. (सामना मात्र डॅलस ३९–२८ हरलं. चेंडू फेकणाऱ्या टोनी रोमोचं गळपट्टीचं हाड आदल्याच आठवड्यात मोडलं होतं, आणि तो हंगाम ४–१२ असा बुडाला.) कॉलिन्सने त्या वर्षी ११ सामने सुरुवातीपासून खेळले.

याच वर्षीच्या पहिल्या फेरीतला एक टॅकल इथे आठवावा. डी. जे. हम्फ्रीज, फ्लोरिडा विद्यापीठ, २४वा क्रमांक, अ‍ॅरिझोना. त्याचं नाव टाळ्यांच्या कडकडाटात पुकारलं गेलं, आणि पहिल्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही. सोळाही वेळा साध्या कपड्यांत.

पण कॉलिन्सची वाटही सरळ नव्हती. २०१६ला तो डावा गार्ड म्हणून सुरुवातीला उभा राहिला आणि तिसऱ्या सामन्यात पायाच्या अंगठ्याचा लिगामेंट फाटला. हंगाम संपला. जागा परत लिअरीकडे गेली. पळणारा एझिकिएल एलियट लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावला, फेकणाऱ्या डॅक प्रेस्कॉटने पदार्पणातच संघाला १३–३ नेलं, आणि ती भिंत कॉलिन्सशिवाय तितकीच उभी राहिली. गॅरंटी नसलेल्या मुलाचं डॅलसमधलं पर्व इथेच आटोपलं असतं.

लिअरीची बाजू

या निवडीची चर्चा करताना रॉनल्ड लिअरीचा उल्लेख क्वचितच होतो. तो स्वतः अनड्राफ्टेड. २०१२ला गुडघ्याबद्दलच्या शंकेमुळे त्याचं नाव आलं नाही, डॅलसने त्याला घेतलं, आणि त्याने जागा कमावली. तीन वर्षांनी त्याच्याच वाटेने आलेला, त्याच्यापेक्षा जास्त गाजलेला मुलगा मालकाच्या घरी जेवायला बोलावला गेला, आणि तो मुलगा आलेला त्याच्याच जागेसाठी. २०१५च्या हंगामात दुखापतीतून परतल्यावर तो बाकावर होता. पुढच्या वर्षी कॉलिन्स पडला तेव्हा तयार होता. आणि २०१७च्या मार्चमध्ये डेन्व्हरने त्याला चार वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरच्या आसपासचा करार दिला. भरलेल्या रांगेत राहून मागे पडलेल्या माणसालाही त्या रांगेने मोठं केलं. शेजारी चांगले असले की चित्रफितीत तुम्हीही चांगले दिसता, आणि दुसरे संघ ती चित्रफीतच बघत असतात. संघ निवडणाऱ्या लाइनमनसाठी माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी धागा आहे, कॉलिन्सच्या गोष्टीपेक्षाही, कारण लिअरी बहुसंख्य मुलांसारखा होता.

त्याच महिन्यात डग फ्रीने निवृत्ती घेतली. डावा गार्ड गेला, उजवा टॅकल गेला, आणि दोन्ही जागा खेळू शकणारा माणूस संघातच होता. कॉलिन्स उजवीकडे गेला. दोन हंगाम झाले होते, म्हणजे नियमाप्रमाणे नवा करार करायची मुभा होती. २०१७च्या जुलैमध्ये डॅलसने त्याच्याशी दोन वर्षांचा, १ कोटी ५४ लाख डॉलरचा वाढीव करार केला. उजवा टॅकल म्हणून एकही सामना खेळण्याआधी. २०१५ला निवडले गेलेले त्याच्या बरोबरीचे सगळे तेव्हा नियमाने बांधलेले होते. त्यांना अजून एक हंगाम थांबायचं होतं.

पहिल्या पाच वर्षांचा ढोबळ हिशेब मांडू. कॉलिन्स: मूळचे सुमारे १६ लाख आणि वाढीव १ कोटी ५४ लाख, म्हणजे १ कोटी ७० लाख. हम्फ्रीज: चार वर्षांचे ९० लाखांच्या आसपास आणि २०१९च्या पाचव्या वर्षाच्या पर्यायाचे (पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ आणखी एक वर्ष ठेवून घेऊ शकतो) ९६ लाख, म्हणजे १ कोटी ८५ लाखांच्या जवळपास. नाव न आल्याने झालेली तूट पाच वर्षांत जवळजवळ भरून निघाली. पण हे लिहिताना मला एक काळजी वाटते. हम्फ्रीजच्या पैशाचा मोठा भाग पहिल्या दिवसापासून पक्का होता. कॉलिन्सचा मोठा भाग दोन वर्षांनी आला, तोही मध्ये एक अंगठा फाटून गेल्यावर. अंगठ्याऐवजी गुडघा असता तर १६ लाखांवर हिशेब थांबला असता.

२०१७ आणि २०१८ला त्याने सगळे सोळाच्या सोळा सामने उजवा टॅकल म्हणून सुरुवातीपासून खेळले. सप्टेंबर २०१९ला पाच वर्षांचा ५ कोटी डॉलरचा करार झाला. चार वर्षांपूर्वी ज्याला सातव्या फेरीतही कुणी घेतलं नव्हतं, त्याला.

फोनवरचा मुलगा

कॉलिन्सच्या जागी साधा मुलगा ठेवून बघू, कारण दर वर्षी असे शेकडो असतात. त्याच्याकडे पाच दिवस नसतात. सहाव्या-सातव्या फेरीतच फोन सुरू होतात आणि ड्राफ्ट संपल्यावर तासाभरात बहुतेक सह्या ठरलेल्या असतात. घरात नातेवाईक, टीव्ही चालू, एजंट एका कानाला आणि एखाद्या संघाचा लाइन प्रशिक्षक दुसऱ्या. बोनस दोन हजार की पंधरा हजार, यातला फरक पैसा म्हणून किरकोळ. पण मर्यादित रकमेतून पंधरा हजार काढले म्हणजे त्या इमारतीत कुणीतरी तुमच्या नावासाठी भांडलंय, एवढं त्यातून कळतं. किमान पगाराचा काही भाग तरी गॅरंटीड करून मागावा. एखाद्या संघाने होकार दिला तर तो बोनसपेक्षा मोठा इशारा. मग बघायचं की त्यांनी याच ड्राफ्टमध्ये लाइनमन किती घेतले, आणि कुणाचे करार येत्या दोन वर्षांत संपतात.

आणि लाइनमनने आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: सरावात दोन जागा शिकवाल का? ५३ जणांत आठ-नऊ लाइनमन असतात, पण २०१५ला सामन्याच्या दिवशी ४६च जणांना कपडे चढवता यायचे, त्यात लाइनमन बहुधा सात. पाच उभे आणि दोन राखीव. त्या दोघांत सेंटरसह पाचही जागा सांभाळल्या जायला हव्यात. फक्त उजवा गार्ड येणारा मुलगा तिथे बसत नाही. (२०२०च्या करारानंतर आठवा लाइनमन घेतला तर ४८ जणांना उतरवता येतं, त्यामुळे एका मुलाची जागा वाढली.) कॉलिन्सला डॅलसमध्ये टिकवलं ते गॅरंटीने, पण पैसे मिळवून दिले ते गार्ड आणि टॅकल दोन्ही येण्याने. त्याच्यासारखी गॅरंटी फार थोड्यांना मिळेल. दोन जागा शिकणं प्रत्येकाच्या हातात आहे.

त्याच्यासारखीच भरलेली भिंत साध्या मुलाने निवडावी का? गॅरंटी नसेल तर मी नाही म्हणेन. मायामीला जा म्हणेन, जिथे ऑगस्टमध्ये प्रशिक्षकाला तुझ्याकडे बघावंच लागेल. पण त्या मायामीतही ज्या सेंटरशेजारी उभं राहायचं तो कोण आहे हे विचारून घे म्हणेन.

कॉलिन्सच्या पुढच्या वर्षांबद्दल थोडक्यात. २०२०चा पूर्ण हंगाम कमरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेत गेला. २०२१ला लीगने त्याला पाच सामन्यांसाठी निलंबित केलं. मार्च २०२२ला डॅलसने त्याला सोडलं, सिनसिनाटीने तीन वर्षांसाठी घेतलं, आणि त्याच डिसेंबरमध्ये गुडघ्याचा लिगामेंट गेला. २०२४ला बफलोने त्याच्याशी करार केला. नऊ वर्षांपूर्वी ज्या संघाचा प्रशिक्षक त्याच्यासाठी लुइझियानात आला होता, तोच संघ. रेक्स रायन तिथून केव्हाच गेले होते, आणि हंगाम सुरू होण्याआधीच कॉलिन्सचं नाव जखमींच्या यादीत लागलं. बफलोसाठी तो एकही सामना खेळला नाही.